पिवळी, बिनपासिंगची

रजत : अन् थांबली नं! ट्रॉली समोर आली, पाय ठेवला, गाडी जाग्यावर! असा ब्रेक दुसऱ्या गाडीले नाही सुरभी. म्हणूनच म्हणतो, लाल घेऊ.

सुरभी : थांबली म्हणून आपण इथं बसून बोलतोय.

(घाटंजीतलं घर, दुपार. सुरभीची वर्षाची लेक तिच्या मांडीवर झोपली आहे; सकाळपासून सुरभी तिच्यावरचा हात काढत नाही. सासरे वामनराव सुपारी कातरत आहेत. नवऱ्याला, रजतला, रेसच्या ट्रॅकवर पळवता येईल अशी गाडी घ्यायची आहे. नागपूरच्या डीलरकडे दोन आहेत, लाल आणि पिवळी. डीलरनं पाठवलेली लाल सकाळी इथंच चालवून पाहिली. दोन्हींतली कोणती घेणार, ते आज त्याला सांगायचं आहे.)

वामनराव : कोणती ट्रॉली? मले तं म्हणे, चक्कर मारून आलो.

रजत : काही नाही बाबा. वावरातून कापसाची ट्रॉली एकदम रोडवर निघाली.

सुरभी : स्पीडचा काटा कुठवर गेला होता ते विचारा त्यांना, मामाजी. पोरगी माझ्या मांडीवर होती. ट्रॉलीवर बसलेल्या बाईनं तोंडावर हात ठेवलेला दिसला मला. इतक्या जवळ.

वामनराव : पोरगी गाडीत होती? अन् तू पळवून पाहून राह्यला?

रजत : पळवल्याशिवाय गाडी समजन कशी?

वामनराव : राजूरले कोळशाचे ट्रक चालतात तुह्ये. ड्रायव्हर जोरात गेला की तू आईमाई काढतं त्याची. अन् सोता?

रजत : ट्रक वेगळा बाबा. लालमध्ये दोन्ही होते. एक बटन दाबलं की नरम. मांग सीट हाये, सगळे बसू, वणीले लग्नाले जाऊ. ट्रॅकवर नेली की दुसरं बटन. तीच गाडी वाघ!

सुरभी : ते दुसरं बटन रस्त्यावर चालत नाही का?

रजत : चालते नं.

सुरभी : सकाळी कोणतं दाबलं होतं?

वामनराव : वाघवालं, अजून कोणतं!

सुरभी : आणि पिवळी?

रजत : तिचं नावच नोको घेऊ. बिलकुल जंगली. दोन सीटा, आत लोखंडी पाइपाचा पिंजरा, एसीसुद्धा काढून टाकला. लालपेक्षा जोरात पळते, पण फक्त ट्रॅकवर. पासिंगच होत नाही तिचं. नंबर नाही तं रोडवर कशी आणशील? ट्रॅकवर न्यायची तरी टेम्पोत टाकून.

सुरभी : मग पिवळी घ्या.

रजत : काय? सकाळपासून भेवून राह्यली, अन् सांगते तं तिच्याहून डेंजर!

सुरभी : मामाजी, तुमच्याकडे पटाची बैलजोडी होती नं? शंकरपटाच्या शर्यतीला कशी न्यायचे?

वामनराव : टेम्पोत. गादी टाकून.

सुरभी : तीच जोडी बंडीला जुंपून, लेकरं बसवून कधी बाजारात नेली?

वामनराव : पटाचे बैल बंडीले? येडी झाली का बेटा! त्याईले एकच ठाऊक, सुटाचं. बंडीतल्याईचे हातपाय मोडतीन.

सुरभी : तेच म्हणतेय मी. हे म्हणतील, लालमध्ये घरचे असले की हळू चालवीन. चालवतीलही. पण एखाद्या दिवशी रस्ता मोकळा दिसेल.

रजत : सकाळीही मोकळाच दिसला होता मले.

वामनराव : आलं तोंडातून.

रजत : अन् ट्रॅकवर मले काही झालं म्हणजे? ते चालन तुले?

सुरभी : असं बोलू नका हो.

रजत : नाही, सांग नं.

सुरभी : नाही चालणार. पण तिथं समोरून कोणी येत नाही, तुम्हीच सांगता. हेल्मेट असतं, डॉक्टर उभा असतो. आणि ही पोरगी नसते तुमच्यासोबत.

रजत : बरं. लावतो फोन. पिवळी म्हणून सांगतो. मंग तं भेव जाईन नं तुह्यं?

सुरभी : नाही जाणार. आता तुम्ही नुसती किल्ली उचलली तरी भीतीनं पोरीला घट्ट धरते. मग पिवळीला ट्रॅकवर न्यायला टेम्पो दारात येईल, फक्त त्याच दिवशी भिईन. तेवढं जमेल मला.