वेणीचं गाणं

नाही नाही, बसा ना दीक्षाताई, अकोल्याहून एवढ्या उन्हाच्या आल्या, चहा घेतल्याशिवाय कशी जाऊ देईन? — तुमचा पोरगाबी बोलत नाही म्हनता, त्यालेबी या संशोधनात घेऊन राहिले म्हनता, अन् मले विचारता कसं हाय म्हनून. चांगलं हाय ना! वाईट कोन म्हनते? थे मशीन समोर ठेवतात, त्यावर शब्द असतात, चित्रं असतात — आमच्या पोरीचे, आचलचे, हात नाही चालत, पन डोळे तं चालतात — ती ज्या शब्दाकडं पाहून राहते, थो शब्द मशीन बोलते. कॉलेजातली प्राजक्ता येते, हे सारं पाहाले. आताबी आत आचलपाशी थेच बसली हाय. दार लावून. — काहून लावते? मले काय मालूम!

पहिल्या दिवशी आली, अन् आचललेच विचारलं, "तुला यात भाग घ्यायचाय का?" मी बाजूले उभी! सतरा वर्षं झाले, तिचा एकएक आवाज मी वळखते — हा भुकेचा, हा डास चावल्याचा, हा बापाची गाडी आल्याचा — तिच्या बापालेबी मीच सांगते ती काय म्हनते थे. मी म्हटलं, हो म्हनते ती. तं प्राजक्ता हासून म्हने, "आशाबाई, तुम्ही जरा बाहेर बसता का?" माह्याच घरात! बसली बाप्पा. अन् आतून आचलचं हासनं, खळखळ. माह्यासंग अशी हासते का? — हासते ना. हासतच असंन.

नाही वं, जळत नाही मी. माय कधी पोरीवर जळते का? अन् थे मशीन तं कसं बोलते, पुण्याच्या बाईवानी. शेजारीन म्हने, आचल किती गोड बोलते! अवं, ती कुठं बोलते, मशीन बोलते! तिचा खरा आवाज मलेच मालूम हाय.

तिचे केस पाहा तुमी, कमरेखाली — आमच्या राजापेठेत असे केस कोन्या पोट्टीचे नाहीत. रोज मी वेनी घालते — घालत होती. फनी लावली की ती गाऊ लागे, ऊं ऊं करून, लांबलचक. मीबी तिच्यासंग गाऊ लागो. आल्यागेल्याले दाखवो, पाहा, आमची आचल वेनी घालताना गाते! अन् परवा मी फनी लावली, मशीन समोरच होतं, अन् बोललं — "दुखतं." मले वाटलं बिघडलं. पुन्हा तेच. "दुखतं. केस काप." — मंग? मंग काय. नाही कापले. मी म्हटलं, पाहू. आता प्राजक्ता आली की थेच विंचरते, हलक्या हातानं. तवा नाही गात आचल.

घ्या ना चहा, निवून राहिला. — तुमच्या पोराचा कोनता आवाज कायचा, तुमाले पक्कं मालूम हाय ना? पक्कं? मंग कायले पायजे मशीन — नाही, आना. आना. मले काहून विचारता तुमी? त्यालेच —

थांबा. मशीन बोललं, ऐकलं? "पाणी हवंय." आली वं माय, आली! — पाहा, तहान लागली की अजूनबी मीच —

"प्राजक्ताताई, पाणी."



निंगा तुमी, दीक्षाताई. गाडी चुकन तुमची.