अंगातला स्वेटर

भूकंपाने डोंगरातली गावं ऐन थंडीत उघड्यावर आली, म्हणून शाळेच्या पटांगणात गरम कपडे गोळा करत होते. ड्युटी संपवून आलेली नर्स नवं ब्लँकेट घेऊन रांगेत उभी होती. झोपेने तिचे डोळे मिटत होते, पण पुढच्या दोघी जावा ते मिटू देत नव्हत्या.

“काय गं, पिशवीत काय कोंबलंयस?” थोरलीने विचारलं.

“ह्यांचा जुना कोट. थोडी कसर लागलीये.”

“थोडी? अगं, बाह्या कुठायत याच्या?”

“जाऊबाई, धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत.”

“दात राहू दे, या गाईला पायच नाहीत! घरं पडलीत लोकांची, अब्रू नाही.”

“मग देऊ तरी काय?”

“अंगातला स्वेटर दे.”

“हा? परवाच घेतलाय! अजून वन्संना दाखवायचाय!”

“फोटो पाठव.”

धाकटीने फणफणत स्वेटर काढला, क्षणभर छातीशी धरला आणि टेबलावर ठेवला. नर्सने हसू ब्लँकेटात दाबलं.

“आणि जाऊबाई, तुम्ही हो? तुमचे तर दोन्ही हात रिकामे! तुम्ही काय आणलंत?”

“मी? मी तुला आणलं ना!”