खडूने 'बंद' लिहिलेला कॉम्प्युटर

वय ५४, धंदा स्पीकर व अॅम्प्लिफायर दुरुस्ती, शिक्षण आठवी, राहणार दुकानाच्या वरचा मजला. विचारल्यावरून पोलीस ठाण्यात समक्ष सांगतो की, चोरीस गेलेल्या कॉम्प्युटरची लाकडी पेटी, आतली सर्व जोडणी, पंख्याखालच्या सायकल-ट्यूबच्या गाद्या, माइकचा स्टँड व खोलीतले जुन्या रजयांचे पडदे मी स्वतःच्या हातांनी केले आहेत. कोणाकडे शिकलेलो नाही.

कॉम्प्युटर थोरल्या बहिणीसाठी केला. ताई निवृत्त शिक्षिका असून अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तके वाचून रेकॉर्ड करते. आजवर एकोणीस झाली. भूमितीची आकृती ती अशी वाचते की त्रिकोण हाताला लागतो. येत्या सोमवारी तिच्या घशाचे ऑपरेशन आहे. पुढे आवाज राहील, असे डॉक्टर म्हणत नाहीत. विसाव्या पुस्तकाचे तीन धडे बाकी आहेत. झालेले सतरा त्याच कॉम्प्युटरवर होते, दुसरीकडे नाहीत. ही चूक माझी.

"माझ्या श्वासाशिवाय खोलीत काही वाजायचं नाही हं," ही ताईची अट. म्हणून पेटी तापल्याशिवाय पंखा फिरत नाही, असे केले. रेकॉर्डिंग अडखळू नये म्हणून इंटरनेट व आपोआप येणारे अपडेट तोडले. आवाजासाठी वेगळी डिस्क घातली. समोरचा दिवा तिच्या डोळ्यांवर येई, तो काढला.

मंगळवारी दुपारी आम्ही दवाखान्यात असताना कुलूप तोडून चोरी झाली. आज सकाळी हवालदारांसोबत जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. तेथे तेरा कॉम्प्युटर होते. दुकानदार म्हणाला, "आल्या आल्या सगळे पुसून कोरे करतो, काका. तो कोपऱ्यातला सोडून. ना दिवा, ना पंखा. मेलेलाच आलाय." त्यावर खडूने 'बंद' लिहिले होते. मी स्क्रीन व स्पीकर जोडून बटण दाबले. हवालदार पेटीला कान लावून म्हणाले, "अहो, खरंच गेलाय की हा!" मी म्हणालो, "थांबा जरा." स्क्रीन उजळल्यावर मी एक रेकॉर्डिंग लावले. ताईचा आवाज आला, "धडा अकरावा." दुकानदाराने आपला रेडिओ बंद केला. धडा संपेपर्यंत आम्ही तिघे उभे होतो.

ताई बाहेर बाकावर बसली आहे. आवाज राखायचा म्हणून बोलत नाही. कॉम्प्युटर आजच ताब्यात मिळावा.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. 'पंखा नाही' असे लिहिले गेले होते, ते 'पंखा आहे, ऐकू येत नाही' असे करून घेतले. एक सांगायचे राहिले. निघताना दुकानदाराने हाच कॉम्प्युटर विकत मागितला. मी नाही म्हणालो. त्याने बोललेली रक्कम पंच्याऐंशी हजार.