ऑर्विलची कागदावरची नोकरी

हॅलो?

हो, मार्लिसच. बोल कोलीन… नाही, ऑफिसात नाहीये. चर्चच्या मागे, पार्किंगमध्ये. गाडीतच बसलेय.

केक? कसला केक?… अच्छा! झालं का मंजूर अनुदान?… तीन वर्षांचं? वा. अभिनंदन, डायरेक्टरबाई.

नाही गं, आवाजच असा आहे आज माझा.

हो, हो… अगं ऐक ना. आधी मला एक सांग. तिमाही अहवालात ऑर्विल टॅकेटला नोकरी लागली, असं कोणी लिहिलं?

ऑर्विल. बारा वर्षं लष्कराचे ट्रक दुरुस्त केले आणि आता स्वतःच्याच ट्रकमध्ये झोपतो, तो ऑर्विल. आठवत नाही? अहवाल लिहिताना बरा आठवला!

काय म्हणालीस?… खुर्च्या?

कोलीन, एप्रिलमध्ये जत्रेच्या मैदानावर माजी सैनिकांचा मेळावा झाला. आपण बूट वाटले, केस कापून दिले, राजमा-खिम्याची चिली खाऊ घातली. लोक गेल्यावर ऑर्विलने खुर्च्या आवरल्या. एक संध्याकाळ! ही नोकरी?

हो, पैसे दिले ना. मीच दिले त्याच्या हातात. पावती म्हणून सहीसुद्धा मीच घेतली, तू दिलेल्या कागदावर. ती पावती नव्हतीच ना?… बोल की. नव्हती ना?

'कार्यक्रम साहाय्यक, कायम.' वाचलं मी आज सकाळी फाईल काढून. खाली त्याची सही, शेजारी माझी. माझी, कोलीन!

वरचा भाग कोरा होता तेव्हा. 'मी भरते नंतर' म्हणालीस. अकरा वर्षांत तुझ्या एका तरी कागदावर मी वाचून सही केलीय?… तेच तर.

ठाऊक आहे. अनुदानासाठी दहा माजी सैनिकांतल्या सहांना नोकरी लागायला हवी होती, पाचांनाच लागली होती. मग पाच लिहायचे!

काम पडलं असतं बंद तर पडलं असतं.

वेडचं नाव मध्ये आणू नकोस… नको म्हटलं ना! तुझा भाऊ थंडीत पुलाखाली गारठून गेला, म्हणून आपण हे काम सुरू केलं. तुझ्या स्वयंपाकघरात बसून पहिला अर्ज मी लिहिला, तू नुसती रडत होतीस. आणि आज त्याचंच नाव पुढे करतेस?

नाही रडत मी. चिडलेय… बरं, दोन्ही.

'त्याचं काय नुकसान झालं?' खरंच विचारतेस? मग ऐक. आणि मध्ये बोलू नकोस.

तो स्टट्समन आहे ना, शाळेच्या बस दुरुस्त करणारा? त्याच्याकडे जागा निघाली. मंगळवारी मी ऑर्विलला घेऊन गेले. एक बस नुसती सुरू करून ठेवली होती. ऑर्विल बाजूला उभा राहिला, आवाज ऐकला, आणि इंजिनाचं झाकणसुद्धा न उघडता काय बिघडलंय ते सांगितलं. स्टट्समनला हसूच फुटलं. 'सोमवारपासून ये' म्हणाला.

आणि ऑर्विल नाही म्हणाला.

नाही म्हणाला, कोलीन! गॅरेजमध्ये शिरल्याशिरल्या खुलला होता गं तो! तीन दिवस डोकं फोडलं मी त्याच्याशी. आज सकाळी कुठे तोंड उघडलं. म्हणतो, 'मॅम, कागदावर मी कामाला आहेच. आता खरा कामाला लागलो की माझं नाव सरकारात जाणार. मग कोणीतरी विचारणार, आधीची नोकरी कुठली? आणि मग तुमची जाणार.'

त्याला कुठून कळलं? तूच सांग. नव्वद दिवसांनी 'अजून कामावर आहात का' विचारायला फोन करतो ना आपण? तो फोन माझं काम. जुलैत तू का केलास?

आणि काय सांगितलंस त्याला?… 'हो म्हण, नाहीतर मार्लिस घरी बसेल.' म्हणालीस की नाही?

म्हणालीस.

म्हणजे मला वाचवायला तो ट्रकमध्ये झोपतोय. आणि मी दर आठवड्याला त्यालाच विचारतेय, 'काय रे ऑर्विल, कुठे काही जमेना का?' 'जमेल, मॅम' म्हणायचा. मेळाव्यातले बूटही तसेच खोक्यात ठेवलेत. नोकरी लागली की त्या दिवशी घालीन म्हणतो.

परक्याने फसवलं असतं ना, तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुझं काय करू मी?

पुढच्या तिमाहीत दुरुस्त? गुपचूप? अगं बाई, स्टट्समन जागा धरून बसलाय ती आज पाचपर्यंत. तेही मी हातापाया पडले म्हणून.

नाही, आता उपयोग नाही. मी कळवलं… अनुदान देणाऱ्या कामगार खात्यातल्या बाईंना. दुपारीच. सगळं सांगितलं. माझी सही माझीच आहे, हेही.

जाईल. माहीत आहे. तुझी जाईल, माझी तर आधी जाईल.

विश्वासघात? मी केला?… हा शब्द तू नको उच्चारूस, कोलीन. आज तरी नको.

ओरडू नकोस. थांब जरा, तो समोरच्या ट्रकमधून उतरतोय… ऑर्विल! अरे ए ऑर्विल! इकडे ये! ते बूट काढ खोक्यातून!… हो, आत्ता! साडेचार झाले!… माझी काळजी आता सोड, माझी नोकरी गेली!… अरे, खरंच गेली! वाचवायला काही उरलंच नाही, बस गाडीत!

हॅलो?… कोलीन?

ठेवला वाटतं.