घमेलंभर बांध

"वहिनी, बांध कोरलाय तुम्ही! ऊस तुटला आन् खड्डा उघडा पडला. उद्याच मोजणी आणतो!"

माझे धाकटे दीर आप्पा दारातूनच गरजले.

"कोरला न्हाई भाऊजी, घमेलंभर माती आणली. कुठं गेली ती आत येऊन बघा."

माती गेली होती यवतहून आणलेल्या फिश टँकमध्ये. खाली मातीचा थर, वर जाड वाळू, त्यात पाण्यातली झाडं आणि झाडं रुजल्यावर सोडलेले मासे. सगळं मोबाईलवर बघून माझं मी शिकले, कुणाच्या बापाला विचारायला गेले नाही. वावरातली माती चालत नाही. तिच्यात इतका युरिया ओतलाय आपण, की मासे मरतात. खत न लागलेली जागा एकच, दोघांच्या वावरांमधला बांध.

"अर्धा माझा हाय तो! न विचारता हात लावलाच कसा?"

ते काही खोटं नव्हतं. वाटणी झाल्यापासून याच बांधापायी दोन्ही घरांची बोलचाल बंद होती. यंदा कुठं आप्पा चहाला यायला लागले होते. मोजणी आली असती, तर तो चहाही गेला असता.

आप्पा टँकपाशी वाकले. काचेतून मुळं दिसत होती, मातीभर एकमेकांत गुंतलेली.

"ह्यातली माझी माती कुठली?" ते गुरगुरले.

मी म्हटलं, "तुम्ही बोट ठेवा भाऊजी, मी तिथं बांध घालते, मग तुमच्या बाजूला कुणी पोहायचं ते माशांना तुम्हीच सांगा."