जावई समुद्र ओलांडतो

माल्ले : आधी तो पट्टा काढ.

तार्मो : आई, गाडीत बसल्यावर पट्टा लावतात. काढत नाहीत.

माल्ले : टॅलिनमध्ये लावतात. इथे खाली समुद्र आहे. बर्फ फुटला तर काय, बकल शोधत बसणार? नाक्यावरच्या माणसानं आत्ता काय सांगितलं?

तार्मो : ऐकलं मी. पण माझ्या पोटापाण्याचं काय? परदेशी कंपन्यांना एस्टोनियातल्या प्रवासाच्या धोक्यांचे अहवाल मी लिहून देतो. प्रत्येक अहवालाचं पहिलं वाक्य 'पट्टा लावा' असंच असतं.

माल्ले : त्याखाली लिही, 'सासू सांगेल तेव्हा काढा.' हं, शाब्बास. आता दाराचं लॉक उघड.

तार्मो : 'दारं आतून बंद ठेवा' हे माझं दुसरं वाक्य आहे.

माल्ले : तिसरं मला ऐकवूच नकोस. निघू दे मला.

तार्मो : निदान हळू चालवा.

माल्ले : हळूच चाललेय. वेग याहून वाढवायचा झाला तर एकदम भरपूर वाढवावा लागेल. मधला वेग चालत नाही. मधल्या वेगानं गाडीखाली पाण्याची लाट उठते आणि बर्फ फोडते.

तार्मो : म्हणजे अतिसावध माणूस पोचतो, बेफाम माणूसही पोचतो, आणि समजूतदार माणूस?

माल्ले : तो बुडतो. आमच्याकडे असंच आहे.

तार्मो : हे मी कुठल्या रकान्यात लिहू?

माल्ले : तू काही लिहू नकोस. तू समोर बघ. हे तुझंच ठरलेलं ना? आधी तू एकटा माझ्याबरोबर येणार, धोका तपासणार, आणि तुझ्या मनाला पटलं तर पलीकडे बेटावर पोचून बायकोला, पिरेतला फोन करणार.

तार्मो : त्यात चूक काय आहे? फोन केला की आर्वोमामा तिला आणि लूनेला घेऊन येतील. तोवर दोघी नाक्याजवळ गरम सूप पीत बसतील. नाही पटलं, तर बाबांना फोनवरून शुभेच्छा देऊ.

माल्ले : फोनवरून. ऊनोची पंचाहत्तरी आहे. ऑक्टोबरपासून अंथरुणाला खिळलाय माणूस. बोट बर्फात अडकलेली, आणि परवा हा रस्ताही बंद होणार. नातीला बघायचंय त्याला, ऐकायचं नाहीये.

तार्मो : मला कळत नाही का, आई? पण सहा वर्षांची आहे ती. माझी एकुलती एक मुलगी आहे.

माल्ले : माझीही एकुलतीच नात आहे.

तार्मो : हा आवाज कसला?

माल्ले : बर्फ बोलतोय.

तार्मो : काय बोलतोय?

माल्ले : तक्रारी. म्हातारा झालाय, मार्च आहे. पण धरून राहील.

तार्मो : मागून एक गाडी येतेय.

माल्ले : येऊ दे. अंतर ठेवून आहे.

तार्मो : हिरवी आहे.

माल्ले : बेटावर हिरव्या गाड्या पुष्कळ.

तार्मो : आर्वोमामांची हिरवी आहे.

माल्ले : त्याचीही आहे, हो.

तार्मो : आई.

माल्ले : समोर बघ म्हटलं ना.

तार्मो : आई, त्या गाडीच्या टपावर लूनेची पिवळी घसरगाडी बांधलीय.

माल्ले : नीट बांधलीय का? आर्वोच्या गाठी सुटतात.

तार्मो : थांबवा! गाडी थांबवा!

माल्ले : इथे थांबायचं नाही. नाक्यावरची पाटी तूच मोठ्यानं वाचून दाखवलीस. दोन भाषांत.

तार्मो : मग मागे वळवा!

माल्ले : वळायचंही नाही. त्याच पाटीवर खाली लिहिलं होतं.

तार्मो : फोन लावतो. पिरेत... उचल, पिरेत... उचलत नाहीये.

माल्ले : शहाणी आहे माझी पोर.

तार्मो : आमचं ठरलं होतं!

माल्ले : तुझं आणि तिचं एक ठरलं होतं. तिचं आणि माझं दुसरं ठरलं. पलीकडे पोचून तू विचार करणार. तू विचार करेपर्यंत अंधार पडणार, आणि अंधार पडला की नाका बंद. ऊनोला सकाळपासून उशांना टेकवून खिडकीत बसवलाय. त्याला मी काय सांगू, जावई विचार करतोय?

तार्मो : किती जाड आहे हा बर्फ?

माल्ले : सकाळी भोकं पाडून मोजून गेलेत. पुरेसा आहे.

तार्मो : पुरेसा म्हणजे किती?

माल्ले : मी माझ्या नातीला त्याच्यावर आणलंय, एवढा.

तार्मो : (खिडकीकडे तोंड वळवून नाक ओढतो.)

माल्ले : रडतोयस का?

तार्मो : नाही. तुम्ही सारख्या आरशात बघताय.

माल्ले : गाडी चालवणाऱ्यानं आरशात बघायचं असतं.

तार्मो : इतक्यांदा?

माल्ले : मग तूही बघ की. दोघं मिळून बघू.

तार्मो : बघतोय. ...येताहेत. अजून येताहेत. आता रस्त्याच्या खुणेला बर्फात रोवलेल्या त्या फांदीपाशी आल्या.

माल्ले : सांगत राहा. मला पुढे बघायला जमतं मग.

(बेटाचा किनारा, समोरच ऊनोचं घर. पाइनच्या झाडांखाली आधी माल्लेची गाडी थांबते, थोड्या वेळानं हिरवी.)

तार्मो : पिरेत! मला एका शब्दानं न सांगता तू—

पिरेत : हळू.

तार्मो : काय हळू? तुला कळतंय का, मी त्या आरशात—

पिरेत : हळू बोल रे. झोपलीय ती.

तार्मो : झोपलीय?

पिरेत : नाका ओलांडला आणि लगेच. अर्ध्या वाटेत मी हलवलं, म्हटलं बघ, आपण समुद्रावर आहोत. तर म्हणाली, 'पोचल्यावर सांग.'

तार्मो : मी तुझ्याशी भांडणार आहे.

पिरेत : भांड. कुजबुजत भांड.

तार्मो : कुजबुजत भांडता येत नाही.

माल्ले : येतं. पोर पाळण्यात असताना मी आणि ऊनो तसेच भांडायचो. शिव्यासुद्धा बसतात.

तार्मो : आई, माझ्या तक्त्यात रानमांजरापासून खिसेकापूपर्यंत सगळे आहेत. सासुरवाडीची माणसं घालायची राहिली.

माल्ले : घाल. लाल रंगात घाल. तो बघ, खिडकीत. हात हलवायला लागलाय, पडेल अशानं. उठवू का तिला?

तार्मो : नको. सरका जरा. मी उचलून नेतो.