आजांची सकाळची फेरी

मी मूळची मिरजेची. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, दर दोन बोळांआड एक डॉक्टर, आमचे वडील काही डॉक्टर नव्हते बरं का, एसटीत कंडक्टर होते, पण परगावचे पाहुणे दवाखान्यासाठी आमच्याकडंच उतरायचे, त्यांची आजारपणं ऐकत आम्ही मोठं झालो, त्यामुळं असेल, मला काळजीची सवयच लागली, कुणी नुसतं शिंकलं तरी मी कपाळाला हात लावून ताप बघते. आमचे हे हसतात, म्हणतात तुला पगार द्यायला पाहिजे काळजी करायचा. तर आता तो पगारही मिळतो.

ह्यांच्या आयटीच्या नोकरीपायी इथं डच मुलखात, झूटरमेरला आलो, मुलं शाळेत जायला लागली, मी मराठीत विचारायचं आणि त्यांनी डचमध्ये उत्तर द्यायचं, मग मीच डच शिकले, वृद्धांच्या सेवेचा कोर्स केला, आणि एका केअर होममध्ये लागले. आमच्या मजल्यावर सगळी सुरिनामची हिंदुस्तानी म्हातारी माणसं. त्यांचे पूर्वज कलकत्त्याहून शिडाच्या बोटीतून सुरिनामला गेले, डच लोकांच्या मळ्यांत राबायला, आणि ही पुढची पिढी तिथून इकडं आली. बोली वेगळी, पण माझं हिंदी त्यांना कळतं. आणि गंमत म्हणजे त्यांच्यातही आजोबाला आजाच म्हणतात, आमच्याकडं म्हणतात तसंच.

तर हे आजा, ज्यांचं मी सांगतेय, ते तिकडं शाळामास्तर होते. त्यांची आजी लहानपणी, आईच्या कडेवर बसून त्या बोटीतून आलेली, तिनं यांना सगळं सांगितलेलं. बोटीवर एक डॉक्टर असायचा, सगळ्यांची देखरेख त्याच्याकडं, रोज सकाळी तो खाली उतरून बघायचा कोण आजारी, कोण जेवलं नाही, भात-डाळ आधी स्वतः चाखायचा, कोंदट हवेतनं सगळ्यांना वर डेकवर आणायचा, पांघरुणं उन्हात टाकायला लावायचा. आजांनी जन्मभर मुलांना हे शिकवलं. आणि आता डोकं साथ देईना तेव्हा बाकी सगळं गेलं, बायकोचं नाव गेलं, पण बोट राहिली. काय सांगू तुम्हाला, आजांना वाटायला लागलं की आमचा मजला म्हणजेच ती बोट, आणि डॉक्टर म्हणजे ते स्वतः. खिडकीतनं तळं दिसतं ना आमच्याकडं, मग काय.

फेब्रुवारीत एकदा आम्ही सकाळच्या गोळ्यांच्या गडबडीत होतो, तेवढ्यात आजांनी गॅलरीचं दार उघडून सगळ्यांना बाहेर काढलं, खाली दम कोंडतोय, वर चला, वर चला म्हणत, त्या थंडीत, निम्म्यांच्या पायात चप्पल नाही, पांघरुणं कठड्यावर. गोळ्या तशाच टाकून मी एकेकाला धरून आत आणलं. आमची प्रमुख मारेके, बाई वाईट नाही, पण ती म्हणाली, असं पुन्हा झालं तर यांना लांब ब्रेडा गावातल्या बंद वॉर्डात हलवावं लागेल. तिथं यांची बोली बोलणारं कोणी नाही. आजांची मुलगी इथंच गावात राहते, रोज सायकलवरून येते, तिच्या हातनं दोन घास खातात, ती नुसती रडायला लागली.

मग मीच म्हटलं, त्यांना फेरी मारू दे ना, मी बरोबर राहते. तेव्हापासून रोज कॉफी झाली की आजा पुढं आणि मी मागं. प्रत्येक खुर्चीपाशी थांबायचं, झोप लागली का, जेवलात का, डाळ चाखायची, खिडक्या थोडा वेळ उघडायच्या, शेवटी आजा म्हणायचे, ठीक आहे, आणि मग स्वतः जेवायला बसायचे. उन्हाळा चांगला गेला. गॅलरीच्या दाराकडं ते फिरकलेसुद्धा नाहीत.

ऑक्टोबरात आमच्या मजल्यावरची रामकली नानी गेली. दुपारची वेळ होती, मीच होते तिच्याजवळ. मारेके म्हणाली, आजांना सांगायचं नाही, ते बिथरतील, लेकाकडं गेली म्हणायचं. आजांची मुलगीही तेच म्हणाली. मीही हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी फेरी त्या रिकाम्या खुर्चीपाशी आली. मी म्हटलं, आजा, नानी लेकाकडं गेली, उतरली ती. आजांनी खिडकीतनं बाहेर पाहिलं, तळ्याकडं, बराच वेळ, आणि म्हणाले, बेटी, किनारा तर अजून दिसत नाही, मग उतरली कुठं? आणि जोरजोरात श्वास घ्यायला लागले, सरळ गॅलरीच्या दाराशी गेले, हात कडीवर. मारेके समोरनं मला खुणा करतेय, नको नको, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, आजा, नानी वारली, काल दुपारी.

हात कडीवरच. मला म्हणाले, पाणी मागितलं होतं तिनं? म्हटलं, हो. दिलं कोणी? मी दिलं, चमच्यानं. हात धरला होता? हो आजा. नाव घेऊन हाक मारलीस? मारली. मग त्यांनी कडी सोडली. नानीचं नाव मोठ्यानं घेतलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि पुढच्या खुर्चीकडं वळून विचारलं, जेवलात का. डाळ चाखून म्हणाले, मीठ कमी आहे. ब्रेडाचं नाव मारेकेनं त्यानंतर काढलेलं नाही.

पण मला चैन पडेना हो. माझी आई मिरजेत एकटी असते, दिवसा बाई येते कामाला, मी रोज फोन करते, बीपीची गोळी घेतलीस का, बाई आली का, आणि ती म्हणते, सगळं मजेत. त्या दिवशी मी घरी येऊन फोन लावला आणि विचारलं, आई, रात्री पाणी लागलं तर तुला कोण देतं गं? ती म्हणाली, मी मागतच नाही.

मी त्याच दिवशी रजा मागितली. डिसेंबरात चाललेय, चांगली मोठी रजा, पुढं तिचं काय करायचं ते तिथं बसून ठरवीन. आता काळजी एकच, आजांबरोबर फेरी कोण मारणार? परवा भीत भीत त्यांना सांगितलं, आजा, मला आईकडं जायचंय. ते थांबले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, जा बेटी, तिच्याजवळ बस. इथलं मी बघतो.